स्टेंट स्वस्त झाला, मग बिल का नाही झालं?

प्रश्न असा आहे की सरकारने स्टेंटचे (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) दर पाडले, पाच लाखांची योजना आणली, औषधांवर किंमत नियंत्रण आहे, मग तरी घरात एक माणूस आजारी पडला की सगळं घर का बसतं, आणि दर अजून पाडले तर देशाचा आरोग्यावरचा खर्च कमी होईल का. शेवटी अजून एक विचारलंय, आईवडिलांसाठी को-पेवाली, म्हणजे बिलातला काही हिस्सा आपणच भरायचा अशी, पॉलिसी घ्यावी का. या सगळ्याची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर, मग टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांशी व्यवहार होतो ते टेबल), मग योजनेच्या फाईली लावण्यात गेली, आता लहान हॉस्पिटलांना पॅकेज परवडतं का नाही ते काढून देतो. म्हणजे पैसा कुठून येतो आणि बिलात कुठे जाऊन बसतो एवढंच मला कळतं, पण ते नीट कळतं.

खर्च म्हणजे दर गुणिले संख्या. हे शाळेतलं गणित आहे पण धोरण ठरवताना गुणाकारातला दुसरा आकडा सगळे विसरतात. आणि हॉस्पिटलच्या बिलात तिसरीही एक गोष्ट असते, ती म्हणजे ओळी. एका ओळीचा दर बांधला की दुसरी ओळ जाड होते, किंवा नवीनच ओळ येते.

स्टेंटचंच घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६०. त्याच्या आधी औषधवाल्या स्टेंटवर लाख-सव्वा लाखाची एमआरपी सर्रास असायची, आणि एनपीपीएनेच जी आकडेवारी बाहेर काढली त्यात दिसलं की सगळ्यात मोठा मार्जिन कंपनीचा नाही, डिस्ट्रिब्युटरचाही नाही, हॉस्पिटलच्या टप्प्यावरचा आहे. आता विचार करा, ज्या हॉस्पिटलचं कॅथलॅबचं (स्टेंट बसवतात ती खोली आणि तिथली यंत्रं) कर्ज त्या मार्जिनवर फिटत होतं ते हॉस्पिटल काय करणार? गप्प बसणार?

मी तेव्हा ज्या ठिकाणी होतो (नाव नको) तिथे आदेश आला त्या आठवड्यात संध्याकाळी मीटिंग झाली. बिलाचा जुना नमुना आणि नवा नमुना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेला मला आजही दिसतो. जुन्यात स्टेंटची ओळ सगळ्यात मोठी, बाकी किरकोळ. नव्यात स्टेंटची ओळ एकदम बारीक, आणि तिच्या खाली कॅथलॅब चार्जेस, प्रोसिजर फी, बलून, गाईडवायर, गाईडिंग कॅथेटर, सगळे पूर्वी होतेच पण आता अंगाने भरलेले. बेरीज पूर्वीपेक्षा कमी झाली होती हे मान्य करतो, पण स्टेंटच्या ओळीत जेवढे कमी झाले तेवढे बेरजेत अजिबात नाही. २०१८ मध्ये दर परत ठरवताना (औषधवाला २७,८९० झाला) एनपीपीएने बलून, कॅथेटर, गाईडवायर या वस्तू बिलात वेगवेगळ्या दाखवायला सांगितलं, म्हणजे पाणी कुठून फुटलं ते त्यांनाही कळलं होतं. मधल्या काळात काही परदेशी कंपन्यांनी त्यांचे महागडे स्टेंट बाजारातून काढून घ्यायची परवानगीही मागितली होती.

म्हणजे कॅप चुकीची होती का? नाही हो. सव्वा लाखाला स्टेंट विकणं ही लूटच होती, मी तिचा पगार खाल्लाय म्हणून सांगतो. पण एका वस्तूचा दर बांधणं वेगळं आणि खर्च आटोक्यात आणणं वेगळं.

कोविडमध्ये हेच अजून मोठ्या प्रमाणात बघितलं. २१ मे २०२० चा महाराष्ट्र सरकारचा आदेश आठवत असेल, खाजगी हॉस्पिटलच्या ८० टक्के खाटा सरकारी दराने, जनरल वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटर नसलेला आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. यात खाट, नर्सिंग, जेवण, नेहमीच्या तपासण्या आल्या. पण पीपीई कीट, सीटी स्कॅन, महागडी औषधं यात नव्हती. बस, सगळा खेळ त्या ‘यात नाही’च्या यादीत गेला. महापालिकांनी बिलं तपासायला ऑडिटर नेमले, आमच्याकडे यायचे ते एक वयस्कर गृहस्थ होते, सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, चष्मा नाकाच्या टोकावर. एक बिल उचलून त्यांनी एवढंच विचारलं की ही एकच सिस्टर एका शिफ्टमध्ये एक कीट घालून आठ पेशंट बघते ना, मग आठही पेशंटच्या बिलात पूर्ण कीटचे पैसे कसे? खोलीत कुणी बोलेना. मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

पण दुसरी बाजूही ऐका. ४,००० रुपयांत ऑक्सिजनचा भाव चढलेला असताना, स्टाफ दुप्पट पगार मागत असताना लहान हॉस्पिटलला खरंच तोटा व्हायचा. दर ठरवताना खर्च नीट मोजला नाही की प्रामाणिक माणूस बुडतो आणि लबाड माणूस पीपीईत भरून काढतो. दर पाडण्याच्या बातमीत हे कधी येत नाही.

आता संख्येकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे आहे. डॉक्टरला किंवा हॉस्पिटलला प्रत्येक कामामागे पैसे मिळत असतील, एक तपासणी एक रक्कम, एक ऑपरेशन एक रक्कम, तर दर कमी केल्यावर काम वाढतं. सगळे डॉक्टर चोर आहेत असं मी म्हणत नाही. पण निर्णय पन्नास-पन्नास असतो ना, करावं का थांबावं, तिथे तराजू ‘करूया’कडे झुकतो. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन निघाली, सरकारी मध्ये १४.३ टक्के. अवघड केसेस खाजगीत जास्त जातात, पैसे असणाऱ्या बायका तिथे जातात, सगळं धरलं तरी बायकांची शरीरं रस्त्याच्या एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी नसतात.

बीडचं तर आपल्या घरचं उदाहरण आहे. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, ८२,३०९ बायकांचं सर्वेक्षण झालं आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तोडणीत खाडा झाला तर दंड, पाळीचा त्रास, संडास नाही, ही सगळी कारणं आहेतच, पण प्रत्येक ऑपरेशनमागे रोख पैसे हेही कारण आहे. त्यानंतर तिथे खाजगीत पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू केली. बघा, दर नाही बांधला, संख्येवर पहारा बसवला. आंध्रात २००७ ला गरिबांच्या मोफत उपचारांची आरोग्यश्री योजना आली तेव्हाही खाजगीत हीच ऑपरेशनं इतकी वाढली की पुढे निर्बंध घालावे लागले. तिथे पैसे बाईचे नव्हते, सरकारचे होते. पैसे कोणाचेही असोत, मोजणी नगावर असली की नग वाढतात.

मग पॅकेज करा, म्हणजे एका आजाराला एकच ठोक रक्कम, असं सगळे म्हणतात. अमेरिकेने हे १९८३ मध्ये मोठ्या प्रमाणावर केलं. १९६५ च्या कायद्याने त्यांची मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना, आली तेव्हा हॉस्पिटलने खर्च दाखवायचा आणि सरकारने भरायचा असा कारभार होता, जितका जास्त खर्च दाखवाल तितकं जास्त मिळेल. खर्च भडकल्यावर १ ऑक्टोबर १९८३ पासून डीआरजी आलं, आजारांचे गट पाडले आणि गटाप्रमाणे रक्कम ठरली, त्याचा प्रयोग आधी न्यू जर्सीत झालेला, हो तेच न्यू जर्सी जिथे आपले मामेभाऊ-चुलतभाऊ दिवाळीचा फराळ विकत घेतात. लगेच पेशंट लवकर घरी जायला लागले. हॉस्पिटलमधला खर्च वाढायचा वेग कमी झाला. आणि पुढे काय? लवकर सोडलेला पेशंट नर्सिंग होममध्ये, नाहीतर घरी येणाऱ्या नर्सकडे, नाहीतर ओपीडीत, आणि तिथे अजून जुनीच पद्धत असल्याने तिथला खर्च फुगला, मग १९९७ च्या कायद्याने तिथेही ठोक दर आणावे लागले. त्याच १९९७ च्या कायद्यात डॉक्टरांच्या फीला एक सूत्र लावलं, खर्च ठरल्यापेक्षा वाढला तर फी आपोआप कापायची. २००२ ला एकदा कपात झालीही, पण त्यानंतर दरवेळी कापायची तारीख आली की डॉक्टर आरडाओरडा करायचे आणि संसद कपात पुढे ढकलायची, असं करत करत २०१५ ला ते सूत्रच रद्द केलं. कागदावर बचत, हातात फारसं काही नाही. आणि मेडिकेअर एकीकडे दर दाबत असताना तिकडच्या खाजगी विमा कंपन्या हॉस्पिटलला मेडिकेअरच्या दुपटीहून जास्त देतात. म्हणून आज त्यांचा खर्च जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या वर आहे.

जपानने उलट केलं. सगळ्या देशात एकच दरपत्रक, दर दोन वर्षांनी बदलतं, कुठलीही विमा योजना असो दर तोच, आणि वरचे पैसे मागायचे नाहीत. जी गोष्ट फार वाढतेय असं दिसेल तिचाच दर पुढच्या वेळी कापायचा. २००२ मध्ये एमआरआयचा दर असाच दणकून कापला, तर जपानी कंपन्यांनी लहान आणि स्वस्त एमआरआय मशिनं काढली. पण तिथेही संख्या सुटली नाहीच, जपानी माणूस वर्षात जितक्या वेळा डॉक्टरकडे जातो तितका फार थोड्या देशांत जातो, आणि त्यांच्यात म्हणच आहे, तीन तास वाट, तीन मिनिटं तपासणी. दर कमी ना, मग पेशंट जास्त.

मला विचाराल तर आपल्यासारख्यांनी अमेरिका-जपान सोडून थायलंडकडे बघावं. कारण तिथे एकाच देशात दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. २००२ ला त्यांनी सगळ्यांसाठी ३० बाहतवाली (बाहत म्हणजे तिथलं चलन, एका भेटीला तेवढेच भरायचे) योजना आणली. त्यात जिल्ह्याच्या रुग्णालयाला ओपीडीसाठी नोंदणी झालेल्या माणसांमागे दरडोई ठराविक रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच, पेशंट एकदा येवो नाहीतर दहादा. ॲडमिट होणाऱ्यांसाठी डीआरजी, पण त्यालाही वरून एकूण बजेटचं झाकण, म्हणजे सगळ्यांनी मिळून केसेस वाढवल्या तर एका केसचा भाव उतरतो. आणि दुसरीकडे सरकारी नोकर आणि त्यांच्या घरच्यांची जुनी योजना, तिथे ओपीडीला जेवढं बिल तेवढं सरकार भरणार. डॉक्टर तेच, कित्येकदा इमारतही तीच. सरकारी नोकरांच्या ओपीडीतल्या औषधांचा खर्च असा काही वाढत गेला की त्यांचा माणशी खर्च सामान्य योजनेच्या कितीतरी पट झाला. एकाला साधं जेनेरिक, दुसऱ्याला त्याच दुखण्यासाठी ब्रँडेड, कारण एका कार्डावर डॉक्टरला बजेट सांभाळायचंय आणि दुसऱ्यावर नाही. पैसे कसे देता त्यावर हात कसा चालतो हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार!

आता आपल्याकडे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर, २०१७ ला तिचं महात्मा जोतिराव फुले नाव झालं, २०२० ला आयुष्मान भारतशी जोडली, आणि दीड लाखाचे पाच लाख आणि पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना हे २०२३ ला ठरलं, २०२४ ला लागू झालं. पद्धत पॅकेजची. ऑपरेशन, तपासण्या, जेवण, डिस्चार्जनंतरची औषधं, परतीचं भाडं, सगळं एका रकमेत. कल्पना चांगली आहे, मी शेकडो फाईली लावल्यात आणि गावाकडच्या माणसाचं बायपास एक रुपया न देता झालेलं डोळ्यांनी बघितलंय. आरोग्यमित्राच्या (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) टेबलापुढे केशरी कार्ड छातीशी धरून बसलेल्या बाईला ‘अप्रूव्हल आलं’ म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होतो ते मी इथे लिहून दाखवू शकत नाही.

पण पॅकेज कमी ठेवलं आणि वर्षानुवर्षं हललं नाही तर हॉस्पिटल तीनातली एक गोष्ट करतं. एक, सोपे पेशंट घेतं आणि अवघड पेशंटला ‘बेड नाही’ सांगतं. दोन, पॅकेज घेऊन वर हळूच मागतं, ‘हे योजनेत बसत नाही, बाहेरून आणा.’ तीन, योजनेतूनच बाहेर पडतं. शिवाय एक कपात आहे जी कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेली नसते, ती म्हणजे उशीर. क्लेम सबमिट केला, क्वेरी आली, उत्तर दिलं, परत तीच क्वेरी आली, पैसे महिनोन्महिने अडकले, आणि हॉस्पिटल मात्र सिलेंडरवाल्याला आणि इम्प्लांटवाल्याला महिनाअखेरीस रोख देतंय. कागदावर पॅकेज एक लाखाचं असेल, सहा महिन्यांनी आलं तर ते एक लाखाचं राहत नाही हे किराणा दुकानदारालाही कळतं.

आणि हे सगळं करून आपण देशाच्या खर्चाच्या किती भागाला हात लावतोय? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाचा एकूण आरोग्यखर्च ९,०४,४६१ कोटी, जीडीपीच्या ३.८३ टक्के. त्यात लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरलेला ३९.४ टक्के, म्हणजे साडेतीन लाख कोटींच्या वर. खाजगी विमा फक्त ७.४ टक्के. खिशातला वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, तो एवढा उतरला ही चांगली गोष्ट, पण २०२१-२२ हे दुसऱ्या लाटेचं आणि लसीकरणाचं वर्ष, सरकारचा खर्च तेव्हा वाढलेलाच होता, त्यामुळे त्या आकड्यावर लगेच पेढे वाटू नका.

म्हणून ‘देशाचा खर्च कमी होईल का’ हा प्रश्नच मी जरा फिरवतो. आपला देश आरोग्यावर फार खर्च करत नाही, कमीच करतो, २०१७ च्या धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करू म्हटलं होतं, २०२१-२२ ला तो १.८४ होता. आपलं दुखणं हे आहे की पैसे आजाराच्या दिवशी, काउंटरवर, एकट्या कुटुंबाकडून जातात. आणि त्यातला मोठा भाग ॲडमिट होण्यावर नाही, ओपीडी आणि गोळ्यांवर जातो. शुगरची गोळी, बीपीची गोळी, दर महिन्याला, मरेपर्यंत. पाच लाखांचं कार्ड तिथे चालत नाही.

औषधांच्या बाबतीत आपलं नियंत्रण कसं आहे ते थोडक्यात सांगतो. २०१३ च्या आदेशापासून आवश्यक यादीतल्या औषधाची कमाल किंमत ही बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी अधिक दुकानदाराचे १६ टक्के. म्हणजे सगळेच महाग विकत असतील तर सरासरीही महाग. आणि यादीबाहेरच्या औषधाची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. यापेक्षा तमिळनाडूने नव्वदच्या दशकात केलं ते मला जास्त पटतं, एकाच महामंडळाने घाऊक टेंडर काढून राज्याची सगळी औषधं घ्यायची आणि सरकारी दवाखान्यात फुकट द्यायची. २०११ ला राजस्थानने तेच उचललं. आपल्याकडे खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, २०२३ ला वेगळं प्राधिकरण केलं, त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफतही केले. पण मोफत दवाखान्यात गोळी शिल्लक नसली आणि हातात बाहेरची चिठ्ठी आली की त्या माणसाच्या दृष्टीने धोरण तिथेच संपलं. घाऊक खरेदीने दरही पडतो आणि गोळी विकून कुणाचं पोट भरत नसल्याने नगही वाढत नाहीत, म्हणून मी पैसे तिथे लावीन.

आता को-पे. को-पे म्हणजे बिलातला काही हिस्सा, १० किंवा २० टक्के, तुम्ही भरायचा. विमा कंपनीचं म्हणणं की खिशाला चटका बसला की माणूस उगाच ॲडमिट होत नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात यावर मोठा प्रयोग झाला होता, काही कुटुंबांना सगळं फुकट, काहींना हिस्सा भरायला लावला. हिस्सा भरणाऱ्यांनी खर्च कमी केला खरा, पण त्यांनी गरज नसलेलं आणि गरज असलेलं दोन्ही सारखंच कमी केलं, कारण छातीत दुखतंय ते गॅस आहे का हार्ट हे पेशंटला घरी बसून कळत नाही. माझ्या सासऱ्यांच्या पॉलिसीत २० टक्के को-पे होतं, ते दोन रात्री ‘गॅसच आहे’ म्हणून ओवा खात बसले. वाचले, पण स्टेंट दोन पडले.

त्यामुळे प्रीमियम झेपत असेल तर आईवडिलांसाठी को-पे नसलेली घ्या, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांच्या वर विमा नियामकाला आधी विचारल्याशिवाय कंपनीला वाढवता येत नाही. को-पेपेक्षाही आधी रूम रेंटची मर्यादा वाचा, काउंटरवरची निम्मी भांडणं तिथे होतात. समजा मर्यादा ५,००० आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर कंपनी फक्त वरचे ३,००० कापत नाही, डॉक्टरची फी, ओटी, नर्सिंग हे सगळं आठाला पाच या प्रमाणात कापते. दोन लाखांची अशी बिलं असतील तर हातात सव्वा लाख. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, तरी कधी कधी लावतात, तेव्हा डिस्चार्जच्या वेळी सेटलमेंटचं पत्र मागून ती ओळ बोट ठेवून दाखवा. आणि हॉस्पिटलवाले ‘सिंगल एसी देऊ का, तोच रिकामा आहे’ म्हणाले तर आधी टीपीए डेस्कवर विचारा की माझ्या पॉलिसीत कितीची बसते, सही नंतर करा.